अंदमानला दोघंच जाताय? मग आधी या चुका वाचा

दरवर्षी दिवाळीनंतर ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा मेसेज येतोच, ताई आमचं अंदमानचं बुकिंग झालंय, जरा प्लॅन बघून सांग ना. आणि प्लॅन उघडला की मला आतून चिडचिड व्हायला लागते, कारण विमानाची, हॉटेलची, बोटीची सगळी तिकिटं काढून झालेली असतात आणि त्यात तीच चूक बसलेली असते जी मागच्या वर्षीच्या जोडप्याने केली होती आणि त्याच्या आधीच्या वर्षी त्याच्या आधीच्यांनी. आम्ही दोघं आत्तापर्यंत चार वेळा गेलोय, पहिल्यांदा लग्नाच्या वाढदिवसाला, मग सवयच लागली. म्हणून एकदाचं सगळं लिहून ठेवते, पुढे कुणी विचारलं की हेच पाठवणार.

परतीच्या दिवशी सकाळी बोट आणि दुपारी विमान

ही माझ्या यादीतली सगळ्यात मोठी चूक, आणि ती आम्ही स्वतः केलीय.

पहिल्या ट्रिपला एजंटने प्लॅन दिला होता तो असा: पहिला दिवस पोर्ट ब्लेअर, सेल्युलर जेल वगैरे, मग हॅवलॉक बेट, मग नील बेट, मग परत हॅवलॉक कारण मला राधानगर बीच अजून एकदा बघायचा होता, आणि शेवटच्या दिवशी सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअरला येऊन दुपारी दोनचं चेन्नईचं विमान. कागदावर अगदी छान दिसत होतं. हॅवलॉक ते पोर्ट ब्लेअर खासगी बोटीने साधारण दीड तास, सरकारी बोटीला अडीचपर्यंत, म्हणजे दहाला पोचलो तरी विमानाला चिक्कार वेळ.

नोव्हेंबर महिना होता. आदल्या रात्री वारं सुटलं, पत्रे वाजत होते, मी नवऱ्याला म्हटलं पाऊस येईल बहुतेक, आणि आम्ही झोपून गेलो. सकाळी सहाला जेट्टीवर गेलो तर तिथे दीडदोनशे माणसं बॅगांवर बसलेली, निम्म्या मुलींच्या हातावर लग्नाची मेंदी अजून लालच, आणि खिडकीवरचा माणूस शांतपणे सांगतोय की समुद्र खराब आहे, आज खासगी बोटी सुटणार नाहीत. सरकारी बोट? तीही वरून परवानगी आली तर. आम्ही तिथे अकरापर्यंत उभे होतो. विमान गेलं. चेन्नई-मुंबईचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर होतं, तेही गेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सरकारी बोट मिळाली, पोर्ट ब्लेअरला एक रात्र जास्तीची, आणि त्यानंतरच्या दिवसाची विमानाची तिकिटं मूळ किमतीच्या जवळपास तिप्पट. नवऱ्याची सुट्टी संपलेली होती, त्याचे ऑफिसचे फोन चालू होते, आणि आम्ही दोघं चार दिवस जे इतके आनंदात होतो ते शेवटच्या दोन दिवसांत एकमेकांशी धड बोलत नव्हतो. मला पैशांपेक्षा त्याचं जास्त वाईट वाटलं होतं.

हे काही आमच्याच नशिबी आलेलं नाही. डिसेंबर २०१६ मध्ये, जे पुढे वरदा चक्रीवादळ झालं त्याच्या आधीच्या खराब हवामानात, हॅवलॉक आणि नीलवर हजारावर पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला नौदलाच्या बोटी पाठवाव्या लागल्या. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागराचा वादळांचा काळ, आणि आपली लग्नं, दिवाळीची सुट्टी, हनिमून सगळं नेमकं त्यातच येतं. जाऊ नका असं मी म्हणत नाहीये, आम्हीही त्याच महिन्यांत जातो. पण मग दिवस मोकळे ठेवा.

आमची सवय आता अशी आहे की शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअरलाच. आणि पोर्ट ब्लेअरचं सगळं बघणं, जेल, रॉस बेट, म्युझियम, सगळं शेवटाला. आल्या दिवशी फक्त झोप, दुसऱ्या सकाळी बेटावर. समजा बोट रद्द झालीच तर म्युझियम हुकेल, विमान नाही. एजंट लोक याच्या उलट प्लॅन देतात कारण पहिल्या दिवशी दुपारी तुम्हाला काहीतरी 'दाखवलं' की तुम्ही खूश. त्यांना स्पष्ट सांगा उलटा करून द्या, देतात. "पण ताई दोन दिवस वाया जातील ना" हे वाक्य मी आता ऐकूनही घेत नाही. चार रात्रींत हॅवलॉक, नील, बाराटांगची चुनखडीची गुहा आणि जेल सगळं बसवायचं असेल तर माझं मत साफ आहे, नील सोडा किंवा बाराटांग सोडा. घाईघाईने बेटं मोजून काय मिळतं मला खरंच कळत नाही.

भरती-ओहोटी न बघता निघणं

माझं आजोळ गुहागरकडचं. आजोबा कालनिर्णयात तिथी बघायचे, तिची पाऊणपट करायचे आणि सांगायचे आज भरती इतक्या वाजता. चतुर्थी असेल तर चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला पूर्ण भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी. हे मला लहानपणापासून माहीत, तरी नीलला गेल्यावर मी ते वापरलं नाही, कारण सुट्टीवर असलं की डोकं बाजूला ठेवतो आपण.

नीलला तो नैसर्गिक दगडी पूल आहे, लक्ष्मणपूर दोनला, प्रवाळाच्या खडकातली कमान. तिथे जायचं म्हणजे किनाऱ्याने मेलेल्या प्रवाळाच्या खडबडीत, शेवाळलेल्या खडकांवरून चालत जायचं, आणि ते खडक फक्त ओहोटीला उघडे पडतात. ओहोटी असेल तर तिथल्यासारखी मजा नाही, खडकांच्या खळग्यांत अडकलेलं पाणी आणि त्यात समुद्रकाकडी, खेकडे, छोटे रंगीत मासे, तिथलीच गाइड मंडळी वाकून वाकून दाखवतात. आम्ही पोचलो दुपारी एकला, भरती चढत होती. गाइड दादा म्हणाले आज उशीर झाला, उद्या सकाळी या. आमच्याबरोबर पुण्याचं एक जोडपं होतं, त्यांची तीनची बोट, ते म्हणाले छे, एवढं काय, कडेकडेने जाऊन पाच मिनिटांत फोटो काढून येतो. आणि आम्हीही त्यांच्या मागे निघालो. गुडघाभर पाण्यात पायाखालचं काहीच दिसत नव्हतं, लाट आली, ती मुलगी घसरली आणि मेलेल्या प्रवाळाच्या धारेवर तिचा गुडघा आणि तळहात फाटला. प्रवाळाची जखम साधी नसते, आत कण राहतात आणि चिघळते. तिला नवऱ्याने आणि गाइडने उचलून आणलं, बेटावरच्या सरकारी दवाखान्यात जखम धुऊन पट्टी केली, टिटॅनसचं इंजेक्शन दिलं. पूल त्यांनी पाहिलाच नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो आणि दोन तास तिथेच रमलो.

आता एक लक्षात घ्या, आजोबांचं पाऊणपटीचं गणित आपल्या कोकण किनाऱ्याचं आहे, तिकडे घड्याळाची वेळ तशीच्या तशी लागू होत नाही. तिकडची वेळ पोर्ट ब्लेअरच्या भरतीच्या तक्त्यातून घ्या, किंवा सरळ होमस्टेच्या मालकांना आदल्या रात्री विचारा, त्यांना तोंडपाठ असते. पण अमावास्या-पौर्णिमेला उधाण हे मात्र कुठेही तेच, आणि उधाणाच्या दिवसांत ओहोटीही खोल जाते म्हणजे खडक जास्त उघडे पडतात. मी आता तिकीट काढायच्या आधीच कालनिर्णय उघडते. हॅवलॉकला रात्री कयाकमधून सूक्ष्म जीवांमुळे चमकणारं पाणी बघायचं असेल तरी हेच, अमावास्येच्या आगेमागेच जा, चांदण्यात काही दिसत नाही आणि मग लोक उगाच नावं ठेवतात. पार उत्तरेकडच्या डिगलीपूरला जाणार असाल तर तिथली रॉस आणि स्मिथ ही दोन बेटं वाळूच्या पट्ट्याने जोडलेली आहेत, तो पट्टाही भरतीला पाण्याखाली जातो. (आणि हा रॉस वेगळा, पोर्ट ब्लेअरसमोरचा रॉस वेगळा, ज्याचं नाव आता नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. दोघांत सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता आहे, यातही लोक गोंधळलेले मी पाहिलेत.)

घड्याळ मुंबईचं, सूर्य तिकडचा

अंदमान आपल्या कितीतरी पूर्वेला, पण वेळ तीच. डिसेंबरात पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, साडेपाचला अंधार. दुपारी निवांत जेवून चारला राधानगरला निघणारे लोक तिथे पोचतात आणि अर्ध्या तासात संपतं सगळं, मग भाड्याच्या स्कूटरवरून बारा किलोमीटर अंधारात जेट्टीकडे परत, रस्त्यावर गुरं. आम्ही तिथे असलो की पाचला उठतो, नऊला झोपतो. सूर्योदय कालापथ्थरला, सूर्यास्त राधानगरला, उलटं करू नका.

सेल्युलर जेलला एक तास

हे मात्र मला मनापासून बोलायचंय कारण यात आपली मराठी माणसंच जास्त असतात. धावत वर जायचं, सावरकरांच्या कोठडीत फोटो, खाली, संपलं. अहो, १८९६ ते १९०६ अशी दहा वर्षं बांधत होते ती इमारत, सात ओळी होत्या, आज तीनच उरल्यात, आणि एका ओळीच्या कोठड्यांची दारं दुसऱ्या ओळीच्या पाठीकडे बघतात, म्हणजे कैद्याला समोर माणूस दिसूच नये. सावरकर बंधू दोघंही तिथे होते. खाली कोलू आहे, ज्याला माणसाला जुंपून तेल काढायचे, तो बघा, भिंतीवरची बंगाल आणि पंजाबच्या कैद्यांची नावं वाचा. मी आणि नवरा दर वेळी तीन तास देतो आणि संध्याकाळी लाइट अँड साउंड शोला परत येतो. शोची तिकिटं आधी काढा, ऐनवेळी मिळत नाहीत.

बाराटांगला 'आदिवासी बघायला' जाणं

रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो, जिरकाटांगच्या चेकपोस्टपासून ठराविक वेळीच गाड्यांचा ताफा सोडतात, पहाटे सहाचा पकडायचा तर पोर्ट ब्लेअरहून साडेतीन-चारला निघा. वाटेत थांबायचं नाही, फोटो नाही, खायला काही द्यायचं नाही. १९५६ पासून कायदा आहे आणि तो योग्यच आहे. ड्रायव्हरला "दिसतील का हो" असं विचारणारी जोडपी भेटतात, मला त्यांच्याशी नंतर बोलावंसं वाटत नाही. खारफुटीतून डुंगीने, म्हणजे छोट्या होडीने, चुनखडीच्या गुहेपर्यंतचा प्रवास इतका सुंदर आहे, त्यासाठी जा.

डाइव्ह आणि विमान

स्कूबा केल्यावर लगेच विमानात बसायचं नाही, एका साध्या डाइव्हनंतर किमान १२ तास, जास्त डाइव्ह असतील तर १८, आम्ही सरळ २४ धरतो. शेवटच्या दोन रात्री पोर्ट ब्लेअर म्हटलं ना, तिथे हाही प्रश्न सुटतो. सर्दी असेल तर सांगा, लपवू नका. नवऱ्याला इन्स्ट्रक्टरने सर्दीमुळे नाही म्हटलं होतं, त्याचं तोंड दिवसभर उतरलेलं, पण कानाचा पडदा गेला असता तर काय केलं असतं. आणि स्नॉर्कलिंगला दमलात तर प्रवाळावर उभं राहू नका, रिंग धरा, ते दगड नाहीत, जिवंत आहेत आणि वर्षाला जेमतेम वाढतात.

बाकीच्या छोट्या गोष्टी पटापट सांगते. गाडी लागते तशी बोटही लागते, गोळी डॉक्टरांना विचारून बोटीत चढायच्या आधी अर्धा-पाऊण तास, उलटी सुरू झाल्यावर घेऊन काही होत नाही. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढा, बेटांवर नेटवर्क गेलं की यूपीआय बंद. तिकिटावर श्री विजयपुरम, स्वराज द्वीप, शहीद द्वीप दिसलं तर घाबरू नका, ती पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नीलचीच नवी नावं. मगरीची पाटी असेल तिथे पाण्यात उतरायचं नाही, जाळी लावलेली असेल तर जाळीच्या आतच, हॅवलॉकला २०१० मध्ये एका परदेशी मुलीचा जीव गेलाय. जॉली बॉय बेटावर प्लॅस्टिक नेऊ देत नाहीत, वाद घालू नका, स्टीलची बाटली न्या.

आणि शंख, प्रवाळाचे तुकडे उचलू नका, अगदी किनाऱ्यावर पडलेला छोटा पांढरा तुकडासुद्धा. वन्यजीव कायद्यात प्रवाळाला संरक्षण आहे, विमानतळावर बॅग स्कॅन होते आणि लोकांसमोर उघडून सगळं बाहेर काढतात. आम्ही निघायच्या आदल्या रात्री सगळे खिसे, चपला आणि टॉवेल गॅलरीत झटकतो, एखादा शंख अडकलेला निघालाच तर सकाळी चालत जाऊन परत पाण्याकडे ठेवून येतो.