कुशीवर पडणारी माशी सरळ कशी केली

अमेरिकेतल्या डेलावेअर नदीच्या वरच्या भागात एप्रिलअखेर हेन्ड्रिक्सन मेफ्लाय (पाण्यातून निघणारे नाजूक पंखांचे कीटक) निघू लागल्या की मी १४ नंबरच्या लहान गळावर कम्पाराडन, म्हणजे त्या कीटकासारखी दिसणारी मासेमारीची नकली माशी, बांधायला घेतो. न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरांमधल्या जुन्या हेस्टॅक माशीवरून तयार झालेला हा नमुना १९७०च्या दशकात प्रसिद्ध झाला. यात कोंबड्याच्या पिसाची हॅकल, म्हणजे गळाभोवती गुंडाळलेली झालर, नसतेच. एक हरणाच्या केसांचा अर्धवर्तुळाकार पंख आणि दुसरी शेपटी, यांवरच माशीचा सगळा तोल. संथ डोहातल्या चिकित्सक ट्राउट मासळीसाठी मला याहून चांगली माशी माहीत नाही.

पण माझ्या माशा पाण्यावर कुशीवर कलंडायच्या. आधी पंखावर संशय होता, दोष निघाला शेपटीत. सगळे तंतू एकाच झुबक्यात मागे जात होते, त्यामुळे आधार एकाच रेषेत मिळत होता.

आता गळाची सरळ दांडी जिथे वाकायला लागते तिथे दोऱ्याचे चार-पाच वेढे घालून बारीक गाठोडी करतो. रंगाच्या ब्रशला असतात तसे ताठ सिंथेटिक तंतू तिच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन बांधतो; दोरा गाठोडीकडे सरकत गेला की तंतू आपोआप फाकतात. लांबी दांडीएवढी.

पंखाचे केस फार पोकळ घेऊ नयेत, दोरा आवळताच ते नको तितके फुलतात. टोके एका पातळीत आणून बांधायची आणि पंखाच्या पुढ्यात दोऱ्याचा बांध घालायचा, म्हणजे पंख उभा राहतो. गळाच्या नेढ्याजवळ जागा मात्र सोडा.

नदीवर जाण्याआधी प्रत्येक माशी पाण्याच्या वाडग्यात टाकून बघतो. घरचे हसतात, हसू देत.