पत्र्यावर चढण्याआधी खालून बघा

मे महिना आला की मुंबईत गाळ्यांचे, शेडचे सिमेंटचे पत्रे बदलायची घाई सुटते. उजेडासाठी मध्येच बसवलेला प्लास्टिकचा पत्रा धूळ-शेवाळाने वरून सिमेंटसारखाच दिसतो. पाय पडला की माणूस थेट खाली.

१. आधी आत उभं राहून वर बघा. उजेड झिरपतो ते पत्रे भिंतीपासून मोजा, कागदावर लिहा.

२. वर बोल्टच्या ओळी शोधा. त्यांच्याखाली लोखंडी पर्लिन, म्हणजे पत्रा ज्यावर टेकतो तो आडवा दांडा, असते. निदान २ पर्लिनवर टेकेल अशी जाड फळी आडवी टाका, तिच्यावरूनच चाला. मोजलेल्या प्लास्टिकच्या पत्र्यांवर लाल रंगाने खूण करा.

नुसत्या बोल्टच्या ओळीवरून चालायची हुशारी नको, जुना सिमेंटचा पत्राही कडकन मोडतो. आणि सेफ्टी बेल्टचा हुक पत्र्याच्या पन्हळीला नव्हे, लोखंडी कैचीला (छत पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याला) बांधलेल्या दोराला.