ग्रामपंचायतीचे लेखापरीक्षण: या चुका टाळा

स्थानिक निधी लेखापरीक्षा पथक येणार असल्याचे पत्र आले की जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कित्येक ग्रामपंचायतींत वर्षभराची रोकड वही काही रात्रींत लिहून काढली जाते. एका बैठकीत, एकाच शाईने उतरवलेला नमुना 5, म्हणजे हीच रोकड वही, अनुभवी लेखापरीक्षकाला पाहताक्षणी कळतो. बँकेशी दरमहा ताळमेळ घेतला नसेल आणि फरक निघालाच, तर शिल्लक जुळवण्यासाठी खोटी नोंद घालू नये. शेवटचा जुळलेला महिना शोधून तेथून पुढे न वटलेले धनादेश, बँकेचे शुल्क आणि जमा झालेले व्याज तपासत यावे.

खर्चाच्या बाबतीत प्रमाणक (खर्चाचे व्हाउचर) असले म्हणजे झाले, हा समज आक्षेपांना सर्वाधिक आमंत्रण देतो. उन्हाळ्यात पाणीपुरवठ्याची मोटर जळते, घाईने नवी आणली जाते आणि तिचे देयक फाईलला लागते. परंतु दरपत्रके, मासिक सभेचा ठराव, साठा नोंदवहीतील नोंद आणि मुख्य म्हणजे जळालेल्या मोटरीचे काय झाले याचा कागद, यांपैकी काहीच सापडत नाही. मोटर खरोखर बसवलेली असूनही रक्कम वसूलपात्र ठरू शकते, कारण लेखापरीक्षक विहिरीत नव्हे, दप्तरात पाहतो.

निधीचा प्रकार न पाहता खर्च करणे हीही नेहमीची चूक. पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021 ते 2026 या काळातील अनुदानाचा 60 टक्के भाग पेयजल व स्वच्छतेसाठी बंधित होता. त्यातून चौकाचे काँक्रिटीकरण केले असेल, तर काम कितीही चांगले असले तरी आक्षेप येणारच. नंदुरबारमधील अक्राणी आणि अक्कलकुवा या संपूर्ण अनुसूचित (आदिवासी) तालुक्यांत पेसाच्या, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याखालच्या, 5 टक्के अबंध (विशिष्ट कामाला न बांधलेल्या) निधीचे वेगळेच दुखणे आहे. तेथील अनेक मजूर ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात आणि होळीच्या सुमारास परततात. तरीही मधल्या काळातील ग्रामसभेच्या हजेरीवर त्यांचे अंगठे दिसतात. सभा माणसे गावात असतानाच, आणि शक्यतो पाड्यावर घ्यावी. पावरीत किंवा भिलीत, म्हणजे तेथल्या बोलीत, खर्च वाचून दाखवला, तर प्रश्नही तेथेच विचारले जातात.

आक्षेप आल्यावर ‘नोंद घेतली, यापुढे दक्षता घेऊ’ एवढ्यावर अनुपालन, म्हणजे आक्षेपाला द्यायचे उत्तर, संपवले जाते. त्याने अहवालातील त्या आक्षेपाचा परिच्छेद वगळला जात नाही. बदलून आलेल्या अधिकाऱ्याने ‘माझ्या कार्यकाळातील बाब नाही’ असे लिहिणे तर त्याहून निरुपयोगी, कारण आक्षेप ग्रामपंचायतीवर राहतो. म्हणून कार्यभार घेतानाच दप्तराची यादी स्वाक्षरीसह घ्यावी. वसुली भरली असल्यास चलनासोबत बँक विवरणातील जमेची नोंदही जोडावी, अन्यथा तोच परिच्छेद पुढच्या वर्षीच्या अहवालात पुन्हा उतरतो.