सोलापुरात राहून टपाल तिकिटांचा संग्रह कसा करावा

टपाल तिकिटे जमवण्याची इच्छा असणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे आहे की, घरातील जुनी पेटी उघडल्यावर लगेच कात्री हाती घेऊ नये. सातवीत असताना मी आजोबांच्या पेटीतील सुमारे शंभर पत्रांवरची तिकिटे कापून काढली, ती वहीत चिकटवली आणि लिफाफे रद्दीत दिले. ती तिकिटे अजूनही माझ्याकडे आहेत. जॉर्ज राजाच्या मुखवट्याची ती तिकिटे इतकी सर्वसाधारण आहेत की आज कोणीही ती मूठभर देऊ शकेल. जे गेले ते मात्र पुन्हा मिळाले नाही. त्या लिफाफ्यांवर ब्रिटिश आमदनीतील जुन्या वर्णलेखनाचे ‘शोलापूर’ असे शिक्के होते, बार्शीचे आणि करमाळ्याचे होते, आणि पत्र कोणत्या दिवशी निघाले व कोणत्या दिवशी पोहोचले हे सांगणारे मागच्या बाजूचे शिक्केही होते. आमच्या घराण्याचा सोलापूरशी आलेला संबंध तारीखवार सांगणारा तो कागद होता आणि तो मी स्वतःच्या हाताने तोडला.

म्हणून पुढील नियम पाळावा. स्वातंत्र्यापूर्वीचा लिफाफा, रजिस्टर केलेले पाकीट, युद्धकाळात तपासनिसाने उघडून पुन्हा बंद केलेले पत्र आणि एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर फिरत गेलेले पत्र यांवरचे तिकीट काढू नये. लिफाफा आहे तसा ठेवावा. १९७१ ते १९७३ या काळातील साध्या पत्रांनाही हाच नियम लावावा. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या मदतीसाठी त्या काळात पत्रावर पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे, आणि घाईमुळे प्रथम कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच निर्वासित साहाय्याची अक्षरे छापून ती विकली गेली. नेहमीचे तिकीट आणि हे जादा तिकीट एकाच लिफाफ्यावर शेजारी शेजारी असले की तो काळ डोळ्यांसमोर उभा राहतो, आणि वेगळी केली की दोन सुटी तिकिटे उरतात. शिक्क्यातील पिनकोडही पाहावा. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला, त्यामुळे ४१३००१ हा आकडा असलेला शिक्का त्याआधीचा असू शकत नाही. तारीख पुसट झालेल्या शिक्क्याचा काळ ठरवताना एवढा धागाही पुरतो.

तिकिटे मिळवण्यासाठी सोलापूर हे गाव वाटते त्यापेक्षा चांगले आहे. चादरी आणि टॉवेल परदेशी पाठवणाऱ्या कारखानदारांच्या कार्यालयांत अनेक वर्षे परदेशी टपाल येत असे, आणि जुन्या फायली काढून टाकण्याची वेळ आली की मालक किंवा जुने कारकून विचारणाऱ्याला नाही म्हणत नाहीत, असा माझा अनुभव आहे. तेलंगणातून येथे स्थायिक झालेल्या पद्मशाली, म्हणजे विणकर समाजातील, कुटुंबांच्या पेट्यांत निजामाच्या संस्थानाची उर्दू अक्षरांची तिकिटे सापडण्याचा संभव असतो. हैदराबाद संस्थानाने १८६९ पासून स्वतःची तिकिटे काढली होती. मात्र एखाद्या काकांच्या किंवा मावशींच्या घरी विचारायला गेल्यावर पत्रे खाजगी असतात हे विसरू नये. आतला कागद त्यांच्यासमोर काढून त्यांच्या हाती द्यावा, रिकामा लिफाफाच मागावा, आणि पुढच्या भेटीत त्या लिफाफ्याचे काय झाले हे दाखवायला न्यावे. मला सर्वांत चांगली पाकिटे दुसऱ्या भेटीतच मिळाली आहेत.

सुटी करण्याजोगी तिकिटे निवडल्यावर ती पाण्यात सोडवावीत. भोवती साधारण एक सेंटीमीटर कागद ठेवून तुकडा कापावा आणि पसरट ताटलीत साध्या पाण्यावर, चित्राची बाजू वर करून, तरंगत ठेवावा. लाल, हिरव्या किंवा खाकी लिफाफ्यांचे तुकडे वेगळ्या ताटलीत घ्यावेत, कारण त्या कागदांचा रंग उतरतो आणि शेजारच्या स्वच्छ तिकिटाला कायमचा डाग पडतो. वीस मिनिटांत बहुतेक तिकिटे आपोआप सुटतात. सुटले नाही तर आणखी वाट पाहावी, ओढू नये. मागे राहिलेला डिंक बोटाने हलकेच पुसून तिकीट स्वच्छ पाण्यातून काढावे आणि चपट्या टोकांच्या चिमट्याने टिपकागदावर पालथे ठेवावे. अलीकडची स्वतः चिकटणारी तिकिटे पाण्याला दाद देत नाहीत, ती कागदासह व्यवस्थित कापून ठेवणेच योग्य. कोरे, मूळ डिंक असलेले तिकीट तर पाण्याजवळही नेऊ नये, कारण तो डिंक गेला की संग्राहकाच्या दृष्टीने त्याची किंमत बरीचशी जाते.

येथे सोलापूरच्या हवेविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण मुंबई किंवा कोकणासाठी दिलेले सल्ले आपल्याला जसेच्या तसे लागू पडत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो, हवा कोरडी होते, आणि उघड्यावर वाळवलेले तिकीट अर्ध्या तासात सुरळीसारखे वळते. ते सरळ करू गेल्यास कडेचे दाते तुटतात. म्हणून तिकीट अर्धवट ओलसर असतानाच दोन टिपकागदांमध्ये घालून जाड पुस्तकाखाली दाबावे आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात लावू नये. पंखा बंद ठेवावा. दुसरा धोका अधिक फसवा आहे. उन्हाळ्यात घराघरांत पाण्याचे कूलर चालतात आणि ज्या खोलीत कूलर आहे तेथील हवा दमट होते, त्यामुळे आपण कोरड्या गावात राहतो या समजुतीत ठेवलेल्या अल्बममधील कोरी तिकिटे पानांना चिकटतात व जुन्या तिकिटांवर तांबूस ठिपके उमटतात. हे ठिपके बुरशीचे असतात, ते एका तिकिटावरून दुसऱ्यावर जातात, आणि असे तिकीट आढळताच बाजूला काढावे लागते. संग्रह कूलर नसलेल्या खोलीत, बाहेरच्या भिंतीला न टेकलेल्या कपाटात आणि उभा ठेवावा. कसर लागू नये म्हणून डांबराच्या गोळ्या पानांमध्ये ठेवण्याची पद्धत आहे, ती सोडून द्यावी. त्याऐवजी सिलिका जेलच्या पुड्या कपाटात ठेवाव्यात आणि महिन्यातून एकदा प्रत्येक पान उलटून पाहावे. वास येणाऱ्या मऊ प्लॅस्टिकची पाकिटे कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नयेत, त्यांतील रसायन शाईवर परिणाम करते. वहीत डिंकाने चिकटवणे तर कधीच नको.

आता ओळखण्याचा भाग. या छंदातील खरा आनंद येथे आहे, असे माझे ठाम मत आहे. परदेशी तिकिटांवर देशाचे नाव आपल्या ओळखीचे असेलच असे नाही: ‘माग्यार’ म्हणजे हंगेरी, ‘हेल्वेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, आणि ज्यावर देशाचे नावच नसून केवळ राजा किंवा राणीचा मुखवटा आहे ते ब्रिटनचे. पहिले टपाल तिकीट १८४० मध्ये ब्रिटननेच काढले, म्हणून त्या देशाला नाव न छापण्याचा मान मिळाला. एवढे पाठ झाले की निम्मी परदेशी तिकिटे लावता येतात.

भारतीय तिकिटांवर नजर तयार करण्यासाठी मी सर्वांना एकच अभ्यास सुचवतो. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि त्याच दिवशी भारताचा नकाशा असलेली ‘नये पैसे’ची मालिका निघाली. ही तिकिटे प्रत्येक जुन्या पेटीत मिळतात आणि त्यांना जवळजवळ काहीच किंमत पडत नाही. त्यांपैकी पन्नास तिकिटे घ्यावीत, काळ्या पृष्ठभागावर पालथी ठेवावीत किंवा उजेडासमोर धरावीत. कागदात दडलेले जलचिन्ह दिसू लागते: सुरुवातीच्या तिकिटांत तारे आहेत, तर १९५८ पासूनच्या छपाईत अशोकस्तंभाची शीर्षे आहेत. वरून सारखी दिसणारी दोन तिकिटे पाठीकडून वेगळी निघतात तो क्षण मला आजही आवडतो. जलचिन्ह दिसत नसेल तर लायटरमध्ये भरायच्या द्रव इंधनाचे दोन थेंब टाकण्याची रीत आहे. ते खिडकी उघडी ठेवून, जवळ निरांजन किंवा गॅस नसताना, आणि आधी एखाद्या फाटक्या तिकिटावर करून पाहावे, कारण काही शाया त्यात विरघळतात. यानंतर दाते मोजायला शिकावे. दोन सेंटीमीटर लांबीत किती छिद्रे बसतात त्यावरून दात्यांचे माप ठरते आणि ते मोजण्याची पट्टी स्वस्तात मिळते.

सगळ्या जगाची तिकिटे जमवण्याच्या मागे लागलेला नवशिका दोन वर्षांत कंटाळतो, हे मी वारंवार पाहिले आहे. त्यामुळे विषय लहान निवडावा, आणि सोलापूरकराला तो शोधायला दूर जावे लागत नाही. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० मध्ये येथेच झाला. १९३८ मध्ये ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तेथेच वारले. चीनने त्यांच्यावर १९८२ मध्ये, तर भारताने १९९३ मध्ये तिकीट काढले. आपल्या गावच्या एका माणसाची आठवण दोन देशांच्या टपालाने जपली, हे ती तिकिटे एका पानावर लावल्यावर जितके जाणवते तितके वाचून जाणवत नाही. नान्नजच्या माळढोक अभयारण्यामुळे पक्ष्यांचा विषय घेता येतो. माळढोकाचे २ रुपये ३० पैशांचे तिकीट १९८० चे आहे. पंढरपूर आपल्या जिल्ह्यातच असल्याने संतांचा विषय तर हाताशी आहे: नामदेव १९७०, ज्ञानेश्वर १९९७, तुकाराम २००२. या विषयात आणखी एक गोष्ट करता येते. आषाढीच्या दिवशी वारीला जाणाऱ्या कोणाजवळ स्वतःचा पत्ता लिहिलेले, तिकीट लावलेले पाकीट द्यावे आणि ते पंढरपुरातच टपालात टाकायला सांगावे. त्या तारखेचा तेथील शिक्का घेऊन ते घरी येते.

शिक्का मात्र वाचता येण्याजोगा असेलच याची शाश्वती नसते, आणि येथूनच या छंदाच्या त्रासाला सुरुवात होते. एका आषाढीचे माझे पाकीट शिक्क्याऐवजी बॉलपेनाची तिरपी रेघ मारून आले. चार दिवस मला त्याकडे पाहवले नाही. २०२५ मध्ये रजिस्टर टपाल स्पीड पोस्टमध्ये विलीन झाले आहे, आणि टपालाच्या खिडकीवर संगणकाने छापलेली चिठ्ठी चिकटवली जाते, त्यामुळे रंगीत तिकिटे लावलेले पाकीट आता दुर्मीळच झाले आहे. त्यावर उपाय असा की, पाकिटावर तिकिटे आपणच आधी लावून न्यावीत, गर्दी नसलेल्या वेळी जावे आणि शिक्का स्पष्ट मारण्याची विनंती करावी. निम्म्या वेळा ती मान्य होते.

नवी विशेष तिकिटे प्रत्येक डाकघरात येत नाहीत. त्यासाठी मुख्य डाकघरात फिलाटेली (तिकीटसंग्रह) ठेव खाते उघडावे. ते २०० रुपयांत उघडता येते आणि त्यातून नवी तिकिटे, माहितीपत्रके व फर्स्ट डे कव्हर, म्हणजे तिकीट निघाल्याच्या दिवसाचा शिक्का असलेले पाकीट, मागवता येतात. सहावी ते नववीच्या मुलांसाठी दीनदयाळ स्पर्श ही योजना आहे. तीत निवड झालेल्या विद्यार्थ्याला वर्षाला ६,००० रुपये मिळतात, मात्र त्यासाठी शाळेच्या फिलाटेली मंडळाचे सदस्यत्व किंवा स्वतःचे ठेव खाते असावे लागते. आपल्या मुलांच्या शिक्षकांना पालकांनी याविषयी अवश्य विचारावे.

विकत घेताना सावध राहावे. शंभर तिकिटांच्या रंगीबेरंगी पुड्यांत अजमान, शारजा, उम्म अल कुवैन अशी नावे हमखास असतात. साठ-सत्तरच्या दशकातील ही तिकिटे बहुतांशी संग्राहकांना विकण्यासाठीच छापली गेली आणि छापखान्यातच त्यांवर शिक्के पडले. मुलांना ती द्यावीत, चित्रे सुंदर आहेत, पण त्यांवर पैसे गुंतवू नयेत. १५ ऑगस्ट १९४८ रोजी निघालेल्या गांधीजींच्या मालिकेतील दहा रुपयांच्या तिकिटाच्या नकला बऱ्याच फिरतात. ती मालिका स्वित्झर्लंडमध्ये छापली होती आणि तिच्या दात्यांचे माप साडेअकरा आहे. माप जुळले नाही तर व्यवहार तेथेच थांबवावा, आणि जुळले तरी तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय मोठी रक्कम देऊ नये. सूचिग्रंथात छापलेली किंमत ही निर्दोष तिकिटाची असते. एक दाता तुटका, पाठीवर कागद पातळ झालेला किंवा शिक्क्याने चेहरा झाकलेला असला की विक्रेता तिच्या चौथ्या हिश्शालाही ते घेत नाही. घरातील संग्रह विकून मोठी रक्कम येईल या आशेने माझ्याकडे आलेल्या कुटुंबांना हे सांगणे मला नेहमीच जड जाते.

शेवटी पाने लिहिण्याविषयी. प्रदर्शनात संग्रहाची पाने चौकटीत मांडतात आणि सोळा पानांची एक चौकट धरतात. स्पर्धेत जायचे नसले तरी हे माप घरच्या संग्रहालाही सोयीचे आहे. प्रत्येक पानावर मजकूर थोडा असावा: तिकीट कधीचे, कोठे छापले, जलचिन्ह कोणते, आणि ते मला कोणाकडून, कोणत्या साली मिळाले. हा शेवटचा तपशील कोणत्याही सूचिग्रंथात सापडत नाही, म्हणून तो त्याच दिवशी पेन्सिलीने लिहावा, आणि तिकिटाच्या पाठीवर नव्हे तर पानाच्या कोपऱ्यात. आजोबांच्या त्या शंभर तिकिटांसाठी मी असे एक पान केले आहे. त्यावर तिकिटे लावली आहेत, खाली आठवतात तेवढ्या गावांची नावे लिहिली आहेत, आणि ज्या जागी शिक्के असायला हवे होते ती जागा रिकामी सोडली आहे.