आईचा जुना टीव्ही आणि काळा पडदा

आईच्या टीव्हीला बारा वर्षं झाली, चित्र अजून झकास. स्ट्रीमिंग स्टिक (इंटरनेटवरचे सिनेमे टीव्हीवर दाखवणारं, टीव्हीत खोचायचं छोटं उपकरण) लावली तर मेनू दिसायचा, पण सिनेमा सुरू केला की आवाज चालू आणि पडदा काळा. हा बहुधा बिघाड नसतो, कॉपी-संरक्षण असतं. एचडीसीपी नावाच्या या संरक्षणात स्टिक टीव्हीची ओळख तपासते, पटली तरच चित्र सोडते. फोरके, म्हणजे अतिस्पष्ट चित्रासाठी सहसा एचडीसीपीची २.२ आवृत्ती लागते, जुन्या टीव्हीत १.४ असते.

आधी मधला स्प्लिटर (एक सिग्नल अनेक ठिकाणी वाटणारा डबा) असेल तर तो काढून स्टिक थेट टीव्हीत खोचा. दोन्हींचे प्लग काढून मिनिटभर थांबा, मग आधी टीव्ही आणि नंतर स्टिक चालू करा. डिस्प्ले सेटिंगमध्ये ‘ऑटो’ऐवजी १०८०पी (फुल एचडी) निवडा. आईकडे इथेच चित्र आलं. नाहीच आलं तर दुसरं एचडीएमआय पोर्ट वापरून बघा.

चित्र आलं, पण सिनेमा मधेमधे अडखळायचा. त्याचं कारण वेगळं होतं. स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालत होती, आणि जुन्या यूएसबीतून जेमतेम अर्धा अँपिअर मिळतो. सोबतचा अडॅप्टरच वापरा. टीव्हीची मागची बाजू वाय-फाय अडवते, म्हणून खोक्यातली ती वीतभर एचडीएमआय वायर फेकू नका, तिनं स्टिक बाजूला काढा. १०८०पीला इंटरनेटचा साधारण ५ एमबीपीएस वेग पुरतो. पण स्पीड टीव्हीजवळ उभं राहून मोजा, राउटरपाशी नको.