लंग ट्रान्सप्लांटनंतर कॅन्सरचा धोका: या चुका टाळा

फुफ्फुस बदलून पेशंट चेन्नईहून नाहीतर हैदराबादहून घरी आला की घरच्यांच्या डोक्यात दोनच गोष्टी असतात, इन्फेक्शन आणि रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवं फुफ्फुस नाकारणं. पहिल्या वर्षी ते बरोबरच आहे. पण कॅन्सरचं नाव कोणी काढत नाही, काढलं तर अभद्र बोलू नको म्हणतात, आणि मग जे दिसतंय ते अंगावर काढलं जातं.

धोका खरा आहे. अमेरिकेतल्या १९८७ ते २००८ मधल्या पावणेदोन लाख ट्रान्सप्लांटचा अभ्यास २०११ मध्ये आला, त्यात एकूण कॅन्सर इतर लोकांच्या दुप्पट आणि फुफ्फुस बदललेल्यांमध्ये फुफ्फुसाचा कॅन्सर सहापट निघाला. टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, स्टेरॉइड या गोळ्या प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, तीच शक्ती बिघडलेल्या पेशी वेळीच मारत असते. किडनीवाल्यांपेक्षा फुफ्फुसवाल्यांना सहसा जास्त जोराची औषधं लागतात.

हे वाचून गोळ्या कमी करू नका प्लीज. ही पहिली चूक. रिजेक्शनने गेलेलं फुफ्फुस परत येत नाही, डोस कमीजास्त करायचा तो ट्रान्सप्लांट टीमनेच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे मानेतली गाठ टीबीचीच धरणं. आपल्याकडे टीबी इतका आहे की संध्याकाळचा ताप, वजन उतरतंय, गाठ आलीय म्हटलं की गावातले डॉक्टर टीबीची औषधं सुरू करतात, आणि ट्रान्सप्लांटवाल्यांना टीबी होतोही, त्यामुळे शंका चुकीची नाहीच. पण हीच लक्षणं पीटीएलडीची पण असतात, म्हणजे ट्रान्सप्लांटनंतर होणारा लिम्फोमासारखा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरसारखा) आजार. तो बहुतेक वेळा ईबीव्ही नावाच्या व्हायरसमुळे होतो, पहिल्या वर्षात जास्त, आणि पेशंटला आधी हा व्हायरस झालेला नसेल पण डोनरला असेल तर धोका आणखी वाढतो, लहान मुलांच्या बाबतीत हे बरेचदा असतं. गाठ मानेत, काखेत, पोटात किंवा थेट नव्या फुफ्फुसातच दिसू शकते. बायोप्सीशिवाय, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासल्याशिवाय, नक्की कळत नाही. वर टीबीच्या औषधांमधलं रिफाम्पिसिन टॅक्रोलिमसची रक्तातली लेव्हल धाडकन खाली आणतं, म्हणजे आजार तसाच वाढत राहणार आणि रिजेक्शनही ओढवणार. म्हणून बायोप्सीचा आग्रह धरा आणि कुठलंही नवीन औषध सुरू करण्याआधी सेंटरला फोन करा. पीटीएलडी लवकर सापडला तर प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्यांचा डोस टीमने कमी करून, रिटुक्सिमॅब हे औषध देऊन बरेच जण बरे होतात.

आता गुळवेल, काढे आणि तथाकथित इम्युनिटी बूस्टर. नातेवाईक प्रेमाने आणून देतात, कळतं मला, पण ज्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवलीय त्याला ती वाढवायचं औषध देणं म्हणजे डॉक्टरांच्या विरुद्ध काम करणं. कॅन्सर टळतो म्हणून तर अजिबात नको. पपनस आणि ग्रेपफ्रूटही नको, टॅक्रोलिमसची लेव्हल वाढते.

एकच फुफ्फुस बदललं असेल तर जुनं विसरू नका! सीओपीडी (श्वासनलिका कायमच्या अरुंद होणं) किंवा फायब्रोसिस (फुफ्फुस कडक होणं) झालेलं, वर्षानुवर्षं बिडी-सिगारेट ओढलेलं ते फुफ्फुस आतच आहे, आणि कॅन्सर बरेचदा तिथेच येतो. रिपोर्टमध्ये नवीन फुफ्फुस चांगलं आहे एवढंच वाचून फाईल बंद करू नका, जुन्या बाजूला काय दिसतंय ते नीट विचारा.

आपल्याला काळ्यासावळ्यांना त्वचेचा कॅन्सर होत नाही हा पण गैरसमज. गोऱ्यांच्या मानाने खूप कमी होतो, पण होतो, आणि कधीकधी ऊन न लागणाऱ्या जागी, अगदी गुप्तांगाजवळही. तिथली न भरणारी जखम लाजेपोटी लपवू नका. बुरशीसाठी व्होरिकोनाझोल महिनोन्महिने चालू असेल तर जास्तच जपा, त्याने ऊन बाधतं आणि त्वचेच्या कॅन्सरचा धोका वाढतो, फुल बाह्यांचे कपडे, टोपी, सनस्क्रीन रोज, ढगाळ असलं तरी. त्वचेच्या डॉक्टरांकडे वर्षातून एकदा तरी सगळं अंग दाखवा.

तंबाखू, मिश्री, गुटखा पूर्ण बंद, थोडीशी पण नाही. तोंडात पांढरा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारा व्रण दिसला की लगेच दाखवा. बायकांनी पॅप टेस्ट (गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींची तपासणी) चुकवू नये, एचपीव्ही नावाच्या व्हायरसमुळे तिथला कॅन्सर होतो आणि दबलेल्या प्रतिकारशक्तीत तो व्हायरस सहज जात नाही. सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजारामुळे ट्रान्सप्लांट झालं असेल तर कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याच्या कॅन्सरसाठी दुर्बिणीची तपासणी) तिशीतच सुरू करायला सांगतात, त्यामुळे पुढच्या व्हिजिटला ते नक्की विचारा.