वेबसाइटचे आकडे बघताय ना? मग या चुका टाळा

पुण्यात आता मेसवाल्यापासून क्लासेसपर्यंत सगळ्यांची वेबसाइट असते, त्यात गुगल अ‍ॅनालिटिक्सही (साइटवर कोण आलं, काय बघितलं ते मोजणारं गुगलचं साधन) कोणीतरी बसवून दिलेलं असतं, आणि मालक महिन्यातून एकदा एकच विचारतो, "व्हिजिटर किती झाले?" आकडा वाढला की खूश, घसरला की वेबसाइटवाल्याला फोन. पण त्या एका आकड्यावरून डिझाइनमध्ये काय चुकतंय ते कळत नाही आणि गुगलवर लोक आपल्याला काय टाइप करून शोधतायत तेही कळत नाही.

आधी मोजणी तरी बरोबर आहे का बघा

दुकानातली माणसं दिवसभर स्वतःचीच साइट उघडून बघत असतात, छोट्या साइटला तेवढ्यानेही आकडे फुगतात. ऑफिसचा आयपी (इंटरनेट कनेक्शनचा नंबर) इंटर्नल ट्रॅफिक, म्हणजे घरचीच माणसं, म्हणून टाकता येतो, पण बरेच जण तेवढं करून निवांत बसतात. ही माणसं वगळणारा फिल्टर सुरुवातीला टेस्टिंगमध्येच असतो, अ‍ॅक्टिव्ह करेपर्यंत काहीच वगळत नाही. आणि अ‍ॅक्टिव्ह केल्यावर जे वगळलं गेलं ते परत मिळत नाही, म्हणून आयपी नीट तपासूनच करा.

दुसरं म्हणजे अ‍ॅनालिटिक्सचा कोड दोनदा बसलेला असणं. एकदा थीममध्ये (साइटच्या डिझाइनमध्ये), एकदा प्लगइनमधून (वरून जोडलेल्या सॉफ्टवेअरमधून). पेज व्ह्यू (पेज उघडल्याच्या नोंदी) एका दिवसात दुप्पट झाले तर लगेच पेढे वाटू नका, डीबग व्ह्यू (अ‍ॅनालिटिक्समध्ये नोंदी तिथल्या तिथे दाखवणारी स्क्रीन) लावून एक पेज उघडा आणि पेज व्ह्यू एकदा पडतो का दोनदा ते बघा.

डेटा किती दिवस ठेवायचा ते सेटिंगही बघून घ्या, सुरुवातीला ते २ महिन्यांवर असतं, फुकटच्या व्हर्जनमध्ये १४ महिने करता येतं. नेहमीच्या रिपोर्टांना याने फरक पडत नाही, पण एक्सप्लोरेशनमध्ये (स्वतः रिपोर्ट बनवायच्या जागी) मागच्या दिवाळीचं खोदून बघायला गेलात आणि सेटिंग २ महिन्यांवरच राहिलेलं असेल तर हाती काही लागत नाही, आणि नंतर वाढवून गेलेला डेटा परत येत नाही.

बाउन्स रेट बघून घाबरणं

हे फार चालतं. बाउन्स रेट म्हणजे येऊन काही न करता गेलेल्या भेटींचं प्रमाण. आताच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये सेशन (एक भेट) १० सेकंदांपेक्षा जास्त चाललं, किंवा दोन पेजं बघितली, किंवा की इव्हेंट (आपण महत्त्वाची म्हणून ठरवलेली कृती) झाला तर ते एंगेज्ड, म्हणजे कामाचं, धरतात, उरलेलं सगळं बाउन्स. जुनी व्याख्या वेगळी होती, त्यामुळे जुन्या व्हर्जनच्या आकड्यांशी तुलना करण्यात अर्थच नाही. आता कोथरूडमधल्या एखाद्या डेंटिस्टचं पेज घ्या, पेशंटने उघडलं, वेळ बघितली, आठ सेकंदांत फोन लावला, काम झालं, पण हिशोबात ते बाउन्स. कारण फोन नंबरच्या लिंकवरची क्लिक अ‍ॅनालिटिक्स आपणहून मोजत नाही, टॅग मॅनेजरमधून (मोजणीचे कोड लावायचं गुगलचं साधन) वेगळा इव्हेंट लावावा लागतो आणि तो की इव्हेंट म्हणून मार्क करावा लागतो. माझ्या मते लोकल धंद्याला फोनच्या क्लिकचा हाच आकडा सगळ्यात कामाचा, बाकी सगळं नंतर.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली लिंक बऱ्याचदा डायरेक्टमध्ये (कुठून आले ते न कळलेल्यांत) जमा होते, म्हणून बाहेर पाठवायच्या लिंकला यूटीएम (कुठून आले ते सांगणारी लिंकच्या शेवटची खूण) लावा. स्वतःच्याच साइटच्या आतल्या बटणांना मात्र लावू नका, खरा सोर्स पुसला जातो.

गुगल सर्चचं काय

गुगलवर लोक आपल्याला काय टाइप करून शोधतायत ते बघायची जागा सर्च कन्सोल, हे गुगलचंच वेगळं साधन. तिथे अ‍ॅव्हरेज पोझिशनकडे (सर्चमध्ये सरासरी कितव्या नंबरवर दिसतो) बघत बसू नका, क्वेरीची (लोकांनी टाइप केलेल्या शब्दांची) यादी उघडा आणि आपल्या दुकानाच्या नावाच्या क्वेरी फिल्टर लावून बाजूला काढा, उरतात ते नवीन गिऱ्हाईक. समजा नारायण पेठेतलं फराळाचं दुकान आहे, इंप्रेशन्स (सर्चमध्ये दिसणं) भरपूर पण क्लिक नाहीत. उघडून बघितलं तर पेजचं टायटल नुसतं 'होम', आणि चकली, अनारसे, चिरोटे, भाव, डिलिव्हरी कुठे कुठे, हे सगळं एका जेपीजी फोटोत. फोटोतला मजकूर गुगल वाचेल या भरवशावर राहू नका. तेच साध्या टेक्स्टमध्ये लिहा, टायटलमध्ये पदार्थ आणि 'पुणे' येऊ द्या. लोक रोमन अक्षरांतही टाइप करतात, ते यादीत दिसेलच, पण म्हणून पानभर तेच शब्द कोंबू नका.

आणि ऑक्टोबरची तुलना ऑक्टोबरशी करताना जरा कॅलेंडर बघा हो! २०२४ची दिवाळी ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होऊन नोव्हेंबरमध्ये गेली होती, २०२५ची ऑक्टोबरमध्येच उरकली. फराळवाल्याचा नोव्हेंबर पडला की गुगलने पेनल्टी लावली (शिक्षा म्हणून सर्चमध्ये खाली ढकललं) म्हणून ओरडण्यात काही अर्थ नाही.

मोबाइल आणि डेस्कटॉप वेगळे करून बघा. मोबाइलवर लोक येतात पण ऑर्डर करत नाहीत असं दिसलं तर साधा फोन घ्या, वायफाय बंद करा आणि स्वतः ऑर्डर टाकून बघा, कोपऱ्यातलं व्हॉट्सअ‍ॅपचं हिरवं गोल बटण नेमकं 'ऑर्डर करा'वर बसलेलं असतं, हे मी फार ठिकाणी बघितलंय. स्पीडसाठी मुख्य भाग २.५ सेकंदांच्या आत दिसला पाहिजे, पण कोअर वेब व्हायटल्सचा (गुगलच्या साइट-स्पीडच्या मोजमापांचा) रिपोर्ट २८ दिवसांच्या खऱ्या युजर्सवर चालतो, तेव्हा आज फोटो हलके केले आणि उद्या रिपोर्ट बदलला नाही म्हणून परत काही तोडफोड करू नका.

नवीन डिझाइन लावलं आणि सर्चचा ट्रॅफिक कोसळला, तर आधी जुन्या लिंका तपासा. यूआरएल (पेजांचे पत्ते) बदललेत आणि ३०१ रीडायरेक्ट (जुन्या पत्त्यावरून नव्यावर कायमचं वळवणं) लावलेले नाहीत, बहुतेक वेळा हेच असतं. सर्च कन्सोलच्या पेजेस रिपोर्टमध्ये ४०४ची (न सापडणाऱ्या पेजांची) यादी मिळते, त्यातली पूर्वी क्लिक मिळवणारी पेजं आधी नव्या पेजांना जोडा आणि नवीन साइटवर टेस्टिंगच्या वेळचा नोइंडेक्स (हे पेज सर्चमध्ये दाखवू नको, असं गुगलला सांगणारी खूण) राहून गेलाय का तेही बघा.